डावीकडे वळवताना येणारा आवाज

बाबांची जीप डावीकडे वळवली की खाली कुठेतरी ‘खट्’ असा आवाज यायचा.

पावसाळ्यात जंगलाचं गेट बंद असतं. ते उघडण्याआधी पर्यटकांना फिरवणाऱ्या गाड्यांची तपासणी होते, आणि जी गाडी पास होत नाही तिचा फेऱ्यांच्या यादीतला नंबर दुसऱ्याला जातो. बाबांनी आयुष्यभर याच कामावर घर चालवलं. साठी ओलांडलेल्या माणसाला आणि एवढ्या जुन्या गाडीला एकदा गेलेला नंबर परत मिळणार नव्हता. म्हणून ते गावाहून जीप घेऊन शहरात, बेसाला, माझ्या फ्लॅटच्या पार्किंगमध्ये आले. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, तीही मेकॅनिकलची. बुटीबोरीच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासते. आवाज मी शोधणारच, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. मीही.

स्टेअरिंगचा आवाज शोधायची रीत साधी आहे. इंजिन बंद ठेवायचं. एकानं वर बसून स्टेअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलवत राहायचं. दुसऱ्यानं खाली झोपून एकेका सांध्यावर तळहात ठेवायचा. कान फसतो, पण हाताला धक्का बरोबर कळतो. हे मी कॉलेजात नाही, बाबांकडूनच शिकले. तेव्हा मी वर असायचे आणि ते खाली. आता त्यांच्या गुडघ्यांमुळे जागा बदलल्या होत्या.

पहिल्या रविवारी चाकांना जोडणाऱ्या दांड्यांची टोकं ढिली लागली. ती बदलली, तरी आवाज राहिला. दुसऱ्या रविवारी स्टेअरिंग बॉक्स आवळला. स्टेअरिंग जड झालं, आवाज तसाच.

“काहून वं, सापडला का?” बाबांनी वरून विचारलं.

“नाही ना, बाबा.”

“कंपनीत तं लोकायचे पार्ट फेल करत राह्यतं. आता बापाची गाडी पास करून दाखव.”

ते हसत होते. मी खाली झोपून मडगार्डचा चिखल बघत राहिले.

तिसऱ्या रविवारी मी एक बोट बॉक्सवर ठेवलं आणि एक बोट तो ज्यावर बसवलेला असतो त्या गाडीच्या सांगाड्यावर, चेसिसवर. बाबांनी स्टेअरिंग हलवलं. बॉक्स ढिला असता तर एकच बोट हललं असतं. माझी दोन्ही हलली, म्हणजे चेसिसच हलत होतं.

दर दसऱ्याला बाबा जीप धुवायचे आणि पूजेआधी चेसिसला काळा ऑइलपेंट मारायचे. जुना कधी खरवडला नाही, त्याच्यावरच नवा. गावात सगळे म्हणायचे, गाडी ठेवावी तर यांच्यासारखी. मलाही त्याचा अभिमान होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेतून आले की ब्रश मीच धुवायचे.

मी तो रंग खरवडला. जाड पापुद्रे निघाले आणि त्यांच्याबरोबर गंज. मग तिथे डिझेल लावलं, कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड दाबली. लोखंडाला भेग असेल तर आत मुरलेलं डिझेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. बाबांना स्टेअरिंग हलवायला सांगितलं. रेघ उमटली. ती बोल्टपासून निघून खालपर्यंत गेली होती. कारखान्यात असा भाग मी बाजूला टाकते आणि पुढचा उचलते.

वेल्डिंगचा मिस्त्री बोलावला. त्यानं हातोडीनं दोन ठिकाणी ठोकलं, तर हातोडी आत गेली.

“वेल्डिंग मार ना गा,” बाबा म्हणाले.

“कशावर मारू, काका? हे चेसिस नाही राह्यलं. नुसता कलर हाये.”

तो गेल्यावर बाबांनी खाली पडलेले रंगाचे पापुद्रे पायानं बाजूला सारले. मग हळूच म्हणाले, “तपासणीवाला थोडीच खाली झोपते? रंग मारून घेतो वरून. एवढा एक सीझन.”

“तुमच्यामागं सहा लोक बसतात, बाबा.”

“मले नाही मालूम का ते?”

एवढं बोलून ते जीपमधला आपला दुपट्टा गळ्यात टाकून निघाले. मी बसस्टॉपपर्यंत सोबत गेले. त्यांनी मला शिकवलं त्याबद्दल मी त्यांना कधी आभाराचं काही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हणावंसं वाटलं, पण त्याच शिक्षणानं मी काय केलं होतं ते आम्हा दोघांना दिसत होतं.

गेट उघडलं. नंबर गेला.

दसऱ्याला बाबा बसनं आले. पिशवीत झेंडूची फुलं होती आणि काळ्या रंगाचा डबा. मी जीपवरची ताडपत्री काढली. गुडघे दुखत असतानाही ते खाली शिरले आणि रंग मारत राहिले. ते हात धुवायला गेले तेव्हा मी वाकून पाहिलं. सगळं चेसिस ओलं, काळं चकचकीत होतं. भेगेच्या भोवती तेवढी वीतभर जागा त्यांनी कोरडी सोडली होती.

पूजा झाली. बाबा चालकाच्या जागेवर बसले आणि स्टेअरिंग सावकाश डावीकडे फिरवलं. खट्. मग त्यांनी किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली.