ओले चिकू

त्या दिवशी चिकू ओलेच भरा, असं मीच सांगितलं होतं. पुढचे चार महिने मी हे कोणापाशी बोललो नाही.

डहाणूजवळ नरपडला चिकूच्या पॅकिंग शेडवर मी सुपरवायझर आहे. धुतलेले चिकू पंख्याखाली वाळवायचे, निवडायचे, मगच खोक्यांत भरायचे. त्या दुपारी ड्रायव्हर घाई करत होता. हायवेवर चारोटी नाक्याला ट्रॅफिक लागेल म्हणाला. निवडीच्या टेबलावर तलासरीहून येणाऱ्या एक मावशी मुख्य होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, अजून ओले हायत. तासभर थांबा."

"भरा हो, वाटेत वाळतील."

माल दिल्लीला पोचला तो बुरशी धरून.

दर शनिवारी काम संपल्यावर आम्ही सगळे चहाला बसायचो. आठवड्यात काय बिघडलं ते ज्याचं त्याने सांगायचं, कोणी रागवायचं नाही, ही पद्धत मीच पाडलेली. लहानमोठे चिकू एकत्र झाल्याचं एकीने असंच सांगितलं, म्हणून दोन रंगांचे क्रेट आले. चहा ओतला की बायका हसायच्या, "आज कोणाचा नंबर, भाऊ?"

दिल्लीचा माल खराब झाल्याचं कळलं त्या शनिवारी मालक येऊन बसले. "टेबलावर कोण होतं?" त्यांनी विचारलं. सगळ्यांनी मावशींकडे पाहिलं, मावशींनी माझ्याकडे. मी कपातल्या चहाकडे पाहत राहिलो. सोमवारी मावशी धुण्याच्या टाकीवर होत्या.

त्यानंतर शनिवारी एकच उत्तर यायचं, "काय नाय भाऊ, सगळं बरोबर." एकदा गोणपाटाखाली ठेचकाळलेल्या चिकूंचा अख्खा क्रेट लपवलेला सापडला. मी विचारलं, तर एक पॅकिंगवाली तोंडावर म्हणाली, "सांगून काय, टाकीवर जायचं?"

मी तडक टाकीपाशी गेलो. थंडीचे दिवस होते. पाण्यात राहून मावशींच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. "मावशी, त्या दिवशी चूक माझी होती," मी हळूच म्हणालो.

त्यांनी हात थांबवले नाहीत. "मला म्हायती हाय ते. मला कशाला सांगता? तिकडं चहावर सांगा की."

त्या शनिवारी मी मालकांना मुद्दाम बोलावलं. सगळ्यांच्या हातात कप आल्यावर उभा राहिलो.

"दिल्लीचा माल मी ओला भरायला लावला. मावशी थांबा म्हणत होत्या, मी ऐकलं नाही. इथे विचारणा झाली तेव्हा गप्प बसलो आणि माझी शिक्षा त्यांना भोगू दिली. शेठ, त्यांना टेबलावर परत घ्या, काय बोलायचं ते मला बोला." मग मी मावशींकडे वळलो. "मावशी, माझं चुकलं. चार महिने चुकत राहिलो. मला माफ करा."