खालच्या पट्टीचं वाद्य

बाजारात तिला सगळे काटेवाली म्हणायचे आणि घरात बारकी. बारकी हे नाव थोरल्या बहिणीनं ती रांगत होती तेव्हाच ठेवलं होतं. पुढे बारकी एक्कावन्न वर्षांची झाली, जिना चढताना तिला धाप लागायला लागली, स्वतःच्याच दुकानाच्या दारातून आत शिरताना जरा तिरपं व्हावं लागायला लागलं, तरी नाव काही बदललं नाही.

दुकान म्हणजे बाजाराच्या मागच्या गल्लीतली एक अरुंद खोली. वजनकाटे दुरुस्त करणं हा तिचा धंदा. भाजीवाल्यांचे काटे, औषधवाल्यांचे, टपालकचेरीतले, दवाखान्यात तान्ही बाळं तोलतात तेसुद्धा. काटा खोटं बोलायला लागला की तो बारकीच्या टेबलावर यायचा. मग ती मखमली डब्यातली प्रमाण वजनं चिमट्यानं उचलून एकेक करून त्यावर ठेवायची, कागदावर रेघ काढत जायची, आणि हा गडी नेमका कुठे आणि किती चुकतोय ते हुडकून काढायची. सव्वीस वर्षं तिनं हेच केलं होतं.

थोरलीला सगळी गल्ली ताई म्हणे. ती शाळेत गाणं शिकवायची. लग्नाच्या भानगडीत दोघीही पडल्या नाहीत. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दोघी राहत होत्या; बाहेरच्या खोलीत ताईचा पियानो, आतल्या खोलीत बारकीचा पसारा, आणि कुणाचं सामान कुणाच्या हद्दीत आलं यावरून रोजची धुसफूस.

अठ्ठावन्नाव्या वर्षी ताईला मोठा ताप आला. ताप महिनाभरानं गेला, पण जाताना कान घेऊन गेला. डॉक्टरांनी दोन्ही कानांत यंत्रं बसवली. त्यांनी बोलणं बऱ्यापैकी कळायला लागलं. गाण्याचं मात्र वाटोळं झालं. पियानोच्या पट्टीवर बोट ठेवलं की कुणी पत्र्याच्या डब्यात खडे हलवतंय असं तिला वाटे. चार महिने तिनं नेटानं बघितलं. मग एके दिवशी झाकण लावलं आणि पियानो घेऊन जा म्हणून शाळेला निरोप धाडला. चार माणसं आली, घाम गाळत पियानो जिन्यावरून उतरवून घेऊन गेली. ताई आतल्या खोलीत बारकीच्या पसाऱ्यात बसून राहिली आणि त्या दिवशी पसाऱ्याबद्दल एक शब्द बोलली नाही. बारकीला काम करताना शीळ घालायची सवय होती. तीही तिनं सोडून दिली.

वर्षभरानं तपासणीला दोघी कानाच्या डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टर म्हणजे तिशीतली एक हसरी बाई. तिनं ताईच्या कानांचा आलेख टेबलावर ठेवला. ताई खिडकीबाहेर बघत बसली, पण आलेख दिसला की बारकीचे डोळे आपोआप तिकडे वळायचे.

"ही रेघ इथपर्यंत सरळ आहे आणि इथून एकदम कोसळते. असं का?"

"डावीकडे खालचे, जाड आवाज. उजवीकडे वरचे, बारीक," डॉक्टर म्हणाली. "ताईंचं खालचं ऐकू येणं जवळजवळ शाबूत आहे. वरचं मात्र गेलं."

"म्हणजे काटा पाच किलोपर्यंत खरं बोलतो, त्याच्यापुढे थापा मारतो."

डॉक्टर खळखळून हसली. "असंच म्हणा."

"मग पाच किलोच्या आतलंच तोललं तर?"

"तीच तर अडचण आहे. वाद्याचा स्वर आपल्याला एक वाटतो, पण त्यात वरचे बारीक बारीक स्वर ढिगानं मिसळलेले असतात. ते यांच्या कानात शिरले की सगळ्याचा विचका करतात. ते गाळून टाकता आले, तर कदाचित..." तिनं खांदे उडवले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

ते 'गाळून टाकता आले तर' बारकीच्या डोक्यात घर करून बसलं. दुसऱ्या दिवशी ती सुट्या भागांच्या दुकानात गेली. तिथला म्हातारा पार्टवाला तिला पहिल्यापासून ओळखत होता.

"भाऊ, आवाजातलं वरचं वरचं गाळून टाकणारं काही असतं का हो?"

"फिल्टर म्हणा की. सिंथेसायझरमध्ये असतो तो." बारकीचा चेहरा कोराच राहिलेला बघून त्यानं समजावून सांगितलं. विजेपासून सूर काढायचं वाद्य. एक सर्किट सूर काढतं, दुसरं तो हवा तेवढा गाळतं, तिसरं त्याला लहानमोठा करतं. "विकत मिळतात. घरी हातानं जुळवणारेही आहेत काही येडे. त्यातला एक दर आठवड्याला माझ्याकडे येतो. बायको बोलत नाही त्याच्याशी."

"माझ्याशी न बोलायला कुणी नाहीये. काय काय लागेल ते सांगा."

विकतच्या वस्तूंवर बारकीचा मुळातच भरवसा नव्हता. तिच्याकडे आजवर आलेल्या सगळ्या वस्तू विकतच्याच होत्या आणि सगळ्याच्या सगळ्या बिघडलेल्या होत्या.

पार्टवाल्यानं त्या येड्याकडून सर्किटांचे नकाशे मागवून दिले. बारकीनं रविवारी दुकान उघडायला सुरुवात केली. ताईला काही सांगितलं नाही. जमलं नाही तर तिची निराशा नको, असं स्वतःला समजावलं, पण खरं म्हणजे ती ताईच्या रागाला घाबरत होती. सोल्डरिंग तिच्या हातचा मळ होता. तरी पहिल्याच रविवारी तिनं वीजपुरवठ्याची अधिक-उणे उलटी जोडली. पांढऱ्या धुराची एक रेघ उठली आणि दोन चिपा जागच्या जागी गेल्या. सव्वीस वर्षांत असली शिकाऊ चूक तिच्या हातून झाली नव्हती. तिनं खिडकी उघडली, स्वतःला दोन शिव्या हासडल्या, आणि त्या जळक्या चिपा टेबलाच्या कडेला चिकटवून टाकल्या, दर वेळी वायर जोडताना डोळ्यांपुढे राहाव्यात म्हणून.

तिसऱ्या रविवारी पहिला सूर निघाला. तो अगदी म्हशीच्या हंबरण्यासारखा होता. बारकी एकटीच हसत सुटली.

भंगारात काढलेल्या एका मोठ्या काट्याची पत्र्याची पेटी तिनं घासूनपुसून घेतली, भोकं पाडली, त्यात बटणं बसवली. सूर वरखाली करायला एक मोठं, गाळणीचं एक, आवाजाचं एक. बंद पडलेल्या नाट्यगृहातला परातीएवढा स्पीकर मिळवून तो टेबलाखाली उभा केला. घरी ताईला संशय यायला लागलाच होता.

"रविवारी कसलं गं तुझं दुकान? या वयात कुणी भेटलं की काय?"

"हो. पत्र्याचा आहे. वजनाला बरा आहे," बारकी म्हणाली, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

पुढच्या रविवारी बारकी जेवणाचा डबा घरीच विसरली. ताई तो घेऊन दुकानात आली. दाराकडे पाठ करून बारकी बटण फिरवत होती. ताई कितीतरी वेळ मागे उभी होती. मग तिनं डबा टेबलावर आदळला.

"हे काय आहे?"

बारकीची त्रेधा उडाली. गाळणी, खालचे स्वर, डॉक्टरचा आलेख, सगळं तिनं एका दमात आणि उलटसुलट सांगितलं. ताईचा चेहरा ऐकता ऐकता लाल होत गेला.

"म्हणजे मला खेळणं करून देतेयस. पियानो गेला, आता हे घे खुळखुळा! तुला मी सांगितलं होतं? माझी कीव करायला मी तुला बोलावलं होतं?"

"कीव नाही गं ताई, तू ऐकून तर—"

"मला नाही ऐकायचं!" असं म्हणून ताईनं दोन्ही कानांतली यंत्रं उपसली आणि मुठीत धरली. भांडणात हे तिचं नेहमीचं हत्यार होतं. एकदा यंत्रं काढली की समोरच्याला उलट बोलायची सोयच राहत नसे.

आता बारकीचंही डोकं सणकलं. बोलून उपयोग नव्हता. तिनं आवाजाचं बटण धरलं आणि होतं तेवढं फिरवून टाकलं.

खोली घुमली. टेबल थरथरलं, मखमली डब्यातली वजनं किणकिणली. गोल, जाड, मऊ असा एक स्वर उठला आणि तसाच लागून राहिला. दाराकडे वळलेली ताई थांबली. तिचा एक हात टेबलाच्या कडेवर होता. तळवा तिनं तिथे दाबून धरला. मग तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"उतरतोय," ती म्हणाली.

बारकीनं हातानंच विचारलं, काय?

"स्वर. मघाशी जागेवर होता. आता खाली उतरतोय."

बारकीनं पेटीला जोडलेल्या, स्वराची कंपनं मोजणाऱ्या मीटरकडे बघितलं. आकडा खरंच सरकत होता, तोही इतका थोडा, की तिच्या दोन धडधाकट कानांना पत्ता लागला नव्हता. ताई आल्यापासून दार सताड उघडं होतं आणि बाहेरचा गार वारा थेट पेटीवर येत होता. बारकी उठली आणि दार लावून पुन्हा मीटरकडे बघत उभी राहिली.

मिनिटभरानं ताई म्हणाली, "हां. आता आला जागेवर."

बारकी स्टुलावर बसली. ताईनं यंत्रं टेबलावर ठेवली, दुसरं स्टूल ओढून घेतलं, आणि बहिणीकडे न बघता म्हणाली, "खडे नाही वाजले. अजून एकदा लाव."

त्या दिवशी डबा दोघींनी मिळून संपवला. आणि पुढच्या रविवारपासून ताई बारकीच्या आधी तयार होऊन जिन्यात उभी राहायला लागली.

गारठ्यानं आकडा सरकण्याचं दुखणं बारकीला काट्यांमुळे ठाऊक होतं. पत्ता लागला तरी इलाज खटपटीचा होता. सर्किटातले ट्रान्झिस्टर, म्हणजे तीन पायांचे ते इवलेसे भाग, त्यातले अगदी सारख्या स्वभावाचे दोन शोधायचे आणि एकमेकांना चिकटवून टाकायचे, म्हणजे तापले तरी बरोबर तापतात, निवले तरी बरोबर निवतात. बारकीनं पाऊणशे ट्रान्झिस्टर एकेक करून मीटरवर मोजले.

"स्थळं बघितल्यासारखं चाललंय तुझं," ताई म्हणाली.

"आपल्याला नाही जुळली, यांना तरी जुळू देत."

त्रेसष्टावा आणि अकरावा यांचं जमलं. त्यानंतर दार उघडा, खिडकी उघडा, स्वर जागचा हलेना. मग एका मोडक्या कीबोर्डच्या दोन सप्तकांच्या पट्ट्या काढून पेटीला जोडल्या. कुठली पट्टी किती चढली आणि किती उतरली ते ताई सांगायची, बारकी इवल्याशा पेचकसानं स्क्रू फिरवायची. मीटर आणि ताई यांचं भांडण झालं तेव्हा तीनदा मीटर बरोबर निघाला आणि पाचदा ताई. गाळणीचं बटण ताईनं स्वतः हळूहळू वर नेलं आणि खडे वाजायला लागले तिथे पेन्सिलीनं खूण केली. बारकीनं ती जागा डॉक्टरच्या आलेखाशी ताडून बघितली. रेघ जिथे कोसळत होती, त्याच्या अगदी अलीकडेच ती खूण पडत होती.

सगळंच गोड झालं असं नाही. एका सकाळी ताईनं शाळेत पंचवीस वर्षं शिकवलेलं एक गाणं वाजवायला घेतलं. चौथ्या ओळीत ते वर चढतं. तिथे तिची बोटं गेली, पट्टी दाबली गेली, पण तो वरचा स्वर गाळणीनं अख्खाच गाळला, आणि तिच्या कानापर्यंत काहीच पोचलं नाही. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला.

"गेलं ते गेलंच गं, बारके," ती म्हणाली. बारकीनं पाण्याचा ग्लास पुढे केला.

पुढचे दोन रविवार ताई दुकानाकडे फिरकली नाही. आली ती एक कागद घेऊन. त्यावर तिनं एक नवी चाल लिहून आणली होती. सगळी खालच्या स्वरांतली, संथ, जरा खट्याळ. पट्ट्या दाबत ती आपल्या बसलेल्या आवाजात गायला लागली. दीड वर्षात पहिल्यांदा. आवाज फाटका होता, पण स्वरावर पक्का बसत होता. बाहेर काटा घेऊन आलेला भाजीवाला दारातच थबकला, आणि गाणं संपेपर्यंत त्यानं काटा खाली ठेवला नाही.

पुढच्या तपासणीला हे कळल्यावर कानाच्या डॉक्टरनं दुकानात येऊन पेटी बघितली, बटणं फिरवली, आणि विचारलं, "शनिवारी सकाळी आमचा हॉल रिकामा असतो. ताईंसारखे अजून आहेत माझ्याकडे. याल?"

ताई आधी नाहीच म्हणाली. मग म्हणाली, बघू. मग शनिवारी सातलाच बारकीला उठवून बसवलं.

पहिल्या दिवशी पाच जण आले. एक निवृत्त बसकंडक्टर, एक शिंपीण, जन्मभर यंत्रमागांच्या खडखडाटात काम केलेले दोघे भाऊ, आणि एक फार लाजरी आजी. बारकीनं स्पीकरवर एक लाकडी फळी आडवी टाकली होती. ज्याला कानानं पुरेसं पोचत नव्हतं, तो तिच्यावर तळवे टेकून बसायचा. प्रत्येकाच्या कानांप्रमाणे गाळणीची खूण वेगळी निघाली. बारकीनं ती रंगीत पेन्सिलींनी केली, आणि गाळणीच्या बटणाभोवती बघता बघता पाच रंग झाले. लाजऱ्या आजीनं एक पट्टी दाबली, डोळे मिटले, आणि बोट उचलायलाच तयार होईना. आता उठा, असं तिला सांगायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं.

कंडक्टरचं मात्र निराळंच होतं. तो दर वेळी सगळ्यांच्या आधी गायला सुरुवात करायचा.

"अहो, थांबा!" तिसऱ्यांदा ताई गरजली. शाळेतला तिचा आवाज जसाच्या तसा बाहेर आला. "सगळे चढल्याशिवाय गाडी सोडायची नाही, एवढं तरी ठाऊक असेल तुम्हाला!"

हॉलभर हशा पिकला. कंडक्टर तर सगळ्यात मोठ्यानं हसला, मग त्यानं ते वाक्य त्या दोघा भावांना ओरडून पुन्हा सांगितलं आणि ते दोघं मागाहून वेगळे हसले.

परतीच्या वाटेवर पेटी दुकानात न जाता घरी चालली होती; तिचं एक टोक बारकीनं धरलं होतं आणि दुसरं ताईनं. चौकात दोघी दम खायला थांबल्या.

"एकच स्वर वाजतो एका वेळी," ताई म्हणाली. "पाच माणसं गाणार म्हणजे जोडीला दुसरा लागेल. दुसरं सर्किट कधी घेतेयस करायला?"

"अगं, आधी हे वर तर नेऊ दे. दोन मजले आहेत."

"उद्या रविवारच आहे," ताई म्हणाली आणि पेटीचं आपलं टोक उचललं.