वाळ्याच्या पाण्याच्या चार बाटल्या

नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या हायस्कुलात मी हंगामी विज्ञानशिक्षक होतो. कायम होणं इन्स्पेक्टरसाहेबांच्या शेऱ्यावर अवलंबून होतं आणि शेरा, हेडमास्तरांच्या मते, पाहुणचारावर. म्हणून युद्ध संपल्यानंतरच्या त्या मार्चात तपासणीसाठी नगरहून मोटारीने बर्फ आला. भुशात गुंडाळलेली अख्खी लादी निघाली होती, पोचली अर्धी.

हेडमास्तरांनी वाळ्याच्या पाण्याने चार बाटल्या गळ्यापर्यंत भरल्या, बुचं ठोकली आणि आइस्क्रीमच्या पॉटात घालतात तशा बर्फ-मिठात पुरल्या.

“सर, थोडी जागा ठेवा. पाणी गोठलं की फुगतं,” मी म्हणालो.

“गारठ्यानं वस्तू आकसते, मास्तर. तुपाचा डबा पाहिलाय ना? थिजलं की मधे खळगा पडतो.”

“तुपाचं खरं. पण पाण्याचा रेणू आपल्या हायड्रोजनने शेजाऱ्याच्या ऑक्सिजनला धरून असतो. म्हणून तर पाणी द्रव आहे. ऑक्सिजनच्या जागी गंधक असलेला त्याचा भाऊबंद वजनाने जड, तरी नुसता वायू! आणि गोठताना हे रेणू अंतर राखून एकमेकांचे हात धरतात...”

“वर्गात चार मुली आहेत,” हेडमास्तर म्हणाले. “साहेबांपुढे हात धरणं काढू नका.”

साहेब वर्गात आले तेव्हा मी तुरटी शिकवत होतो. तुरटीत कोणी कोणाचे हात धरत असलं तरी मी बोललो नाही. एवढ्यात शेजारच्या खोलीत फट्‌कन आवाज झाला. मग आणखी तीनदा. शिपाई धावत आला.

“साहेब, बाटल्या फुटल्या! पन पानी सांडलं न्हाई. उभंच हाय!”

सगळे पाहायला गेलो. काचांच्या ढिगात बर्फाच्या चार बाटल्या बिनकाचेच्या उभ्या होत्या.

“हे काय?” इन्स्पेक्टरांनी विचारलं.

हेडमास्तरांचा चेहरा तुपासारखा थिजला, खळगासुद्धा पडला. पण खुर्चीत मुरलेला माणूस.

“प्रात्यक्षिक, साहेब. पाणी गोठताना फुगतं. आमच्या मास्तरांचा आग्रहच असतो, डोळ्यांनी दाखवल्याशिवाय शिकवायचं नाही.”

“का फुगतं?”

प्रश्न हेडमास्तरांना होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मुली कुठे आहेत ते पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, “हात धरतात, साहेब. अंतर राखून.”

पुढचं मी कवायतीवरून सांगितलं: गर्दीत पोरं दाटीनं मावतात, हातभर अंतराने ओळी लावल्या की मैदान पुरत नाही. साहेबांनी मान हलवली, माठातलं पाणी प्यायले आणि शेरा लिहिला: ‘विज्ञान प्रात्यक्षिकासह शिकवले जाते. शिक्षकास कायम करावे. काचसामान जपून वापरावे.’