वन्संच्या मुठीतला पदर

ओल्या लुगड्याचा वास आला की मला दुष्काळातला तो टँकर आठवतो. माझ्या थोरल्या नणंदेची, वन्संची, वाचा लहानपणीच गेलेली. चाळिशी उलटली तरी हात सारखे पिळत बसायच्या. मुठीत पदर दिला की मात्र हात थांबायचे अन् त्या मागं मागं चालायच्या. त्या दिवशी टँकर विहिरीत पाणी सोडत होता. विहिरीला कठडा न्हाय अन् बायांची ही झुंबड! रेटारेटीत पदर सुटला, वळून बघते तर वन्सं न्हाईत. हाक मारून काय उपयोग, ओ देणार कोण? मी काठावर पालथी पडून गढूळ पाण्यात बघत राहिले. तेवढ्यात पलीकडच्या वस्तीवरची एक बाई डोईवर घागर घेऊन हळूहळू येताना दिसली, मागं वन्सं. "कुणाची गं ही माय? पार बांधापर्यंत आली, पदर सोडंना!" मी माझा पदर पुढं केला, तरी वन्सं तिचा सोडंनात. आता माझेच गुडघे गेलेत. बाजारात सून ओढणीचं टोक हातात देते, "धरा, आत्याबाई." गर्दी वाढली की मी ते दोन्ही मुठींत धरते.