अर्धा पापड

त्या रविवारी मी शेजारच्या वासंतीच्या ऐवजी पेणला गेले होते. "पाठ धरलीय, आज तूच जा गो. स्टँडसमोरून पोह्याचे पापड घ्यायला विसरू नको," असं तिनं सकाळी गॅलरीतून ओरडून सांगितलं होतं. दुपारी रामवाडीच्या वृद्धाश्रमात तिच्या आईशेजारी, माईंशेजारी, मी बसले असताना आमच्या ह्यांचा फोन आला. वासंती गेली. चहा टाकायला उठली आणि ओट्यापाशीच... समोर माई पापडाचा अर्धा तुकडा ताटाच्या कडेला ठेवत होत्या, लेकीसाठी. असा फोन कधीतरी येणार हे आम्ही दोघी धरूनच चाललो होतो, पण तो आश्रमातून येईल, माई गेल्याचा असेल, असंच आम्हाला वाटायचं. हे असं उलटं कसं झालं, हे मला आजही कळत नाही आणि खरं सांगायचं तर त्याचा रागच येतो.

रोह्याजवळ वरसे गावात आम्ही वीस-एक वर्षं शेजारणी. ती एसटीत वाहतूक नियंत्रक होती, रोहा स्टँडवर माईक बिघडला तरी तिचं काही अडायचं नाही. लग्न केलं नाही, भाऊ-बहीण नाही, घरात ती आणि माई. गेल्या वर्षी माई न्हाणीघरात घसरल्या. वासंतीनं उचलायला बघितलं तर तिचीच पाठ गेली, आणि दोघी फरशीवर बसून मला हाका मारत राहिल्या. मी पोचले तेव्हा दोघी हसत होत्या. त्याच संध्याकाळी वासंती म्हणाली, "शैला, मी नसले तर हिचं काय?" त्यानंतर ती आश्रम शोधायला निघाली. लोक बोललेच. आईला टाकतेय म्हणाले. "टाकायला ती काय बोचकं हाय?" असं तिनं भर जिन्यात सुनावलं आणि वर येऊन माझ्याकडे खूप रडली.

प्रत्येक ठिकाणी ती पापडाचं पाकीट घेऊन जायची. माई मूळच्या पेणच्या, जन्मभर पापड लाटलेल्या, जेवताना एक भाजलेला पापड लागायचाच. "माझ्या आईला रोज एक भाजून द्याल?" एवढंच ती विचारायची. रोह्यात एका ठिकाणी सांगितलं, इथं सगळ्यांना सारखंच मिळतं. नागोठण्याच्या बाजूला बाग होती, पंखे नवे होते, तिथल्या साहेबांनी गोड हसून पाकीट खणात टाकलं. "स्वतः खाणार मेला," वासंती बाहेर येऊन म्हणाली. पेणला स्वयंपाकाच्या सुमनताईंनी उलट तिलाच विचारलं, "दात हायत ना आजीना? नायतर चुरून, तूप घालून भातावर देईन." वासंतीनं पाकीट त्यांच्या हातात दिलं. परतीच्या गाडीत नागोठणं गेल्यावर म्हणाली, "पेणलाच."

माईंना मीच सांगितलं. दुसरं कोण सांगणार? मी त्यांचा हात धरला, म्हटलं, "माई, वासंती गेली." त्यांनी विचारलं, "जेवली व्हती का?" मला माहीत नव्हतं. मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "माझी सोय लावून गेली गो..." आणि मग जे रडू फुटलं ते सुमनताईंनी येऊन छातीशी धरेपर्यंत थांबलं नाही.

आता रविवारी मी जाते. माई एकच पापड मागतात, मोडतात, अर्धा खातात, अर्धा कडेला ठेवतात. पूर्वी वासंती आल्याआल्या तो उभ्याउभ्या तोंडात टाकायची आणि मऊ पडला म्हणून कुरकुरायची. परवा सुमनताईंना राहवलं नाही. माझ्याकडे बघत त्यांनी माईंना हळूच विचारलं, "आजी, ह्या ताईंसाठी आणखी एक भाजू काय?"

"भाज. पण तो हिच्या ताटात दे," माई म्हणाल्या. "हा तिचा हाय."

माझा पापड आला. मी तो कसाबसा संपवला. कडेचा अर्धा तसाच होता, गाडीची वेळ झाली तरी माईंनी ताट उचलू दिलं नाही.