सत्तेचाळीस नंबरचे तीन चष्मे

आमच्या संस्थेने पेण, रोहा आणि वरसे इथे डोळे तपासणीची शिबिरं घेतली. तीन गावांच्या तीन एक्सेल फाईल होत्या. चष्मेवाल्याला एकच यादी हवी होती, म्हणून मी तिन्ही एकाखाली एक चिकटवल्या. कुठली ओळ कुठल्या फाईलमधली, हे लिहिलं नाही. गरजच वाटली नाही. मला कॉम्प्युटर येतो, असा तेव्हा माझा समज होता.

प्रत्येक गावात नोंदणी एक नंबरपासून सुरू झाली होती आणि चष्मेवाल्याने डब्यांवर नावांऐवजी फक्त तेच नंबर टाकले. सत्तेचाळीसचे तीन डबे निघाले. मी बिनधास्त एकेक गावाला एकेक पाठवला.

आठवड्याने पेणच्या ऑफिसात खाडीकाठच्या एक आजी आल्या. जन्मभर मिठागरात राबलेल्या.

"गो पोरी, चश्मा लई चांगला हाय. फकस्त दिसत नाय."

"सवय होईल, आजी."

"व्हईल गो. पन काल मी कोंबडी म्हनून हाकलली, ती सुनेची पिशवी व्हती."

आजी गेल्या आणि मी घाईने मूळ फाईल उघडल्या. यादीत 'मूळ फाईल' असा नवा कॉलम घातला, प्रत्येक ओळीपुढे गाव लिहिलं आणि पाठवताना टिपलेले भिंगांचे नंबर ताडून पाहिले. सगळ्यांनाच चष्मा लागला नव्हता, त्यामुळे गोंधळ मोजक्याच नंबरांत होता. वरसेचा सत्तेचाळीस निव्वळ नशिबाने बरोबर पोचला होता. आजींचा, म्हणजे पेणचा, मात्र रोह्याच्या एका निवृत्त गुरुजींकडे गेला होता, आणि त्यांचा आजींकडे.

आजींनी टेबलावर ठेवून दिलेला तो चष्मा घेऊन मी रोह्याला गेले. गुरुजी ओटीवर पेपर वाचत होते.

"चष्मा कसा आहे, गुरुजी?"

"उत्तम! हल्ली पेपरवाले छपाई फार वाईट करतात, एवढंच."

मी चष्मा बदलून दिला. त्यांनी पहिलं पान पाहिलं, मग दुसरं.

"आज छपाई बरी आहे," ते म्हणाले.

आतून त्यांच्या बायकोचं हसू ऐकू आलं. "आठ दिवस बिचारा पेपरवाला बोलणी खातोय!"

दुसऱ्या दिवशी आजींना त्यांचा चष्मा नेऊन दिला. त्यांनी तो लावला आणि माझ्याकडे निरखून पाहिलं.

"व्हय, आता दिसतंय. किती सुकलीस गो! जेवलीस का नाय?"

मी 'जेवले' म्हणाले, तरी ताट आलंच.