सनमायकाची दारं

बिड्या वळून वळून बायकोची बोटं आखडली होती. सत्तर सालानंतरची गोष्ट, मी तेव्हा गिरणीत होतो. स्वयंपाकघरातल्या कपाटाला ऑइलपेंट होता. तेलकट हात लागला की डाग पडायचा, आणि ती दुखऱ्या बोटांनी सोडा लावून घासत बसायची. मी ठरवलं, घासायला लागणार नाही असलंच कपाट आणायचं. गिरणीतले म्हणाले, वरनं सनमायका चिकटवलेलं घे, ओल्या फडक्यानं डाग निघतो.

नवी पेठेत एका दुकानात तीन कपाटं होती. तिन्ही सागवानी दिसणारी. दुकानदार म्हणाला, "तिन्ही सनमायकाच हाय, काका." मी टिचकी मारून बघितली. सारखीच वाजली.

नवी वस्तू घरात आणली की तिला हळदकुंकू लावायची आमच्यात रीत. बायकोनं दुकानातच डबी काढली. हळद मुद्दाम गोड्या तेलात कालवून आणलेली. तिन्ही दारांवर बोटं ओढली.

"अवो अक्का, पसंतीच्या आधीच हळद?"

"हळद लागल्यावरच पसंती कळती, बाबा. तवर चहा सांग."

चहा झाल्यावर तिनं ओलं फडकं फिरवलं. पहिल्या दारावर पिवळं तसंच राहिलं. तो नुसता रंग होता, रंगाऱ्यानं कंगव्यानं लाकडासारख्या रेघा ओढलेल्या. दुसरं खरं लाकूड, वरनं पॉलिश. त्याच्या रेघांत हळद मुरली. तिसरं लख्ख निघालं.

मग मी कडा बघितल्या. लाकडाच्या रेघा कडेवरनं वळून पलीकडं गेलेल्या. रंगात ब्रशाचे केस चिकटलेले. सनमायकाच्या रेघा कडेशी तुटलेल्या आणि तिथं चिकटवलेल्या थराची बारीक काळी रेघ.

"दोन कपाटं नासवली की तुमी," दुकानदार चिडला.

"सनमायका असतं तर पुसलं असतं की," ती म्हणाली.

तो माझ्याकडं वळला. "काका, रंगाचंच न्या. स्वस्तात देतो."

मी म्हणालो, "हिच्या हाताला झेपंल तेच नेणार. हातगाडी बोलव."

पुढं तिची बोटं पार वळली. लुगड्याची गाठ मारता येईना, भाकरी थापता येईना. कपाट मात्र ती मनगटानं फडकं दाबून पुसायची, कुणाला हात लावू द्यायची नाही. शेवटच्या आजारापर्यंत पुसलं. आता मी पुसतो. सून म्हणते, "मामा, ऱ्हाऊ द्या, मी करते." मी फडकं देत नाही. माझे हात अजून चालतात.